फोनवरची पहिली

शाळा-बालवाड्या बंद झाल्या तेव्हा रेश्मा आणि शिवकुमार दोघंही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला होते. तो यंत्रमागावर, ती टॉवेलच्या कडा शिवायला. सहा वर्षांच्या लेकीला, पायलला, खोलीत एकटीला ठेवायचं कसं, म्हणून शिवकुमारनं तिला मोटारसायकलवर पुढं बसवून मैंदर्गीला आपल्या आईकडं नेऊन सोडलं. "आठवडाभराचाच प्रश्न हाय," तो म्हणाला. रविवार यायच्या आत सगळंच बंद झालं. कारखाना थांबला. गल्लीत दोघं पॉझिटिव्ह निघाले आणि गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले. तिकडं गावानंही शहरातल्या माणसांना वेशीवर अडवायला सुरुवात केली.

पायल फोनवर नुसती रडायची. "मम्मी, ने की मला." रेश्माला शब्द सुचायचे नाहीत. मागून सासूचा, बसम्माचा आवाज यायचा, "अळबेड, अळबेड." रडू नको, एवढं कन्नड रेश्माला कळायचं. ती करकंबची, मराठीच बोलणाऱ्या घरातली. शिवकुमारशी लग्न करून आली, तरी सासूशी बोलणं 'जेवलात का, बरं हाय का' याच्यापुढं कधी गेलं नव्हतं. बसम्माचं मराठी बाजारापुरतं, रेश्माचं कन्नड तेवढंही नाही.

जूनमध्ये पायल पहिलीत गेली. म्हणजे शाळेच्या बाई आयांच्या ग्रुपवर धडे पाठवू लागल्या. बसम्माकडं बटणाचा फोन. त्यावर ना चित्र, ना व्हिडिओ. रेश्मानं ठरवलं, आवाजावरच शिकवायचं.

"खडू घेतलास? आज ग काढायचा. आधी एक छोटी काठी. तळाशी डावीकडं वळव."

"डावीकडं म्हंजी?"

"ज्या हातानं जेवत न्हाईस, तिकडं."

"वळवली."

"आता शेजारी मोठी काठी. दोघींवर मिळून एकच छप्पर."

पलीकडं फरशीवर खडू कुरकुरायचा. "झाला," पायल सांगायची. ग्रुपवर बाकीच्या आया पोरांच्या पाट्यांचे फोटो टाकत, बाई त्यावर फुलं पाठवत. आपल्या पोरीचं अक्षर बारीक की मोठं, सरळ की तिरकं, हे रेश्माला ठाऊक नव्हतं.

"अव्वा, नीट काढलाय का हो तिनं?" ती सासूला विचारायची.

"मला वाचता येत नाही. पण चांगला दिसतो," बसम्मा म्हणायची. "पोरगी पण चांगला हाय. जेवला, झोपला. तू काळजी करू नको."

हळूहळू रडणं थांबलं. 'नको'च्या जागी 'ओल्ले' आलं, 'पुरे'च्या जागी 'साकु'. एके दिवशी धडा अर्ध्यावर असतानाच पायल म्हणाली, "साकु, मम्मी. अज्जी बोलावतीय," आणि फोन बंद झाला.

"आता रडत न्हाई ती," रेश्मानं नवऱ्याला सांगितलं.

"मग बरंच की."

"व्हय. बरंच," म्हणत ती गॅसकडं वळली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

बांबू निघाले, गावाची वेस खुली झाली, तसे दोघं मैंदर्गीला गेले. पायल दारातच होती. उंच झालेली, पुढचे दोन दात पडलेले. दातांचं फोनवर कुणी बोललंच नव्हतं. रेश्मा गाडीवरून उतरून धावली, तशी पोर बसम्माच्या पदराआड गेली. रेश्मानं मास्क काढला. तरी ती पुढं आली नाही. बसम्माच ओशाळल्यासारखी तिला पुढं ढकलत राहिली.

दुपारी रेश्मानं पुस्तक काढलं. "ये, धडा घेऊ."

"ओल्ले. तू फोनवर सांग की. मला तसंच येतं."

शिवकुमार रागवायला निघाला, रेश्मानं त्याला हातानं थांबवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूचा नंबर लावला. अंगणात फोन वाजला.

"हॅलो, पायल?"

"मम्मी!" तोच, रोजचा मोकळा आवाज.

रेश्मा शब्द सांगत दाराशी आली. अंगणातल्या फरशीवर पायल पालथी पडून लिहीत होती. अक्षरं मोठाली, गोल गरगरीत, दुकानांच्या कन्नड पाट्यांसारखी. छप्परं कुठं टेकलेली, कुठं उडालेली. कोपरापर्यंत हात खडूनं माखलेला. रेश्मा पुढचा शब्द सांगायचं विसरली.

"मम्मी, बोलत का न्हाईस?"

"बघतीय गं."

"फोनमधनं दिसतंय?"

"दिसतंय की. लई छान काढलंयस."

पायलनं मान वर केली. दारात आई उभी होती. फोन कानाला तसाच धरून ती उठली आणि चालत आली. तिनं आईच्या पोटाला डोकं टेकवलं तेव्हाही दोघींचे फोन चालूच होते.

दोन दिवसांनी ते तिला घेऊन सोलापूरला आले. निघताना बसम्मानं शेंगाचटणीचा डबा दिला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला.

"आज शाळा न्हाई?"

"हाय की, अव्वा. आता ती हितंच बसलीय, माझ्याजवळ."

बसम्मा म्हणाली, "मग मला ऐकू दे की. घर लई गप्प झाला."

रेश्मानं स्पीकर लावून फोन पुस्तकाशेजारी ठेवला. पायल मोठ्यानं वाचू लागली. दोन ओळींवर थांबली.

"मम्मी, अज्जीकडं कधी जायचं?"

पलीकडं बसम्माच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

"दिवाळीला," रेश्मा म्हणाली. मग फोनकडं वाकून, 'येतो आम्ही'ला कन्नड शब्द आठवून आठवून जुळवत म्हणाली, "अव्वा, दीपावळीगे बरतीवि."

बरोबर होतं की चूक, बसम्मानं सांगितलं नाही. "बा," ये, एवढंच म्हणाली. "तू पण बा."