तालिनच्या टेबलावरचा रीगाचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, तारेचा टेलिफोन. रंग करडा, चारचं बटण जरा अडकतं, बाकी प्रकृती ठणठणीत. माझा जन्म लाटव्हियातल्या रीगा शहरात, एका कारखान्यात झाला आणि नशिबाने मी शेजारच्या एस्टोनियात, तालिनमध्ये येऊन पडलो. म्हणजे रीगा माझं माहेर आणि तालिन सासर. फोनला कसलं आलंय माहेर, म्हणून हसू नका. पुढचं ऐका.

बरीच वर्षं मी एका कचेरीच्या कपाटात धूळ खात होतो. मग दोन्ही देशांनी सायबर सुरक्षेचा करार केला. संगणकांवर हल्ला करणारा माणूस मोठा लबाड असतो. तो दुसऱ्याच्याच संगणकात शिरून तिथून वार करतो आणि आळ येतो बिचाऱ्या शेजाऱ्यावर. म्हणून करारात एक कलम घातलं गेलं. हल्ला शेजारच्या देशातून आल्यासारखा दिसला, तर आधी फोन करायचा, तासभर थांबायचं आणि मगच आरोप करायचे किंवा दोन देशांच्या संगणकांना जोडणाऱ्या तारा तोडायच्या. त्यासाठी संगणकांच्या जाळ्याबाहेरचा फोन हवा होता. तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. मला झाडूनपुसून सुरक्षा केंद्रातल्या टेबलावर ठेवलं, तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मी हेल्वीबाईंच्या ताब्यात आलो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला, त्या रीगाला फोन लावून लाइन तपासत. पलीकडे असत स्काइद्रीतेबाई. दोघी बोलत रशियनमध्ये, कारण ती दोघींनाही येत होती आणि दोघींचीही नव्हती.

"तालिन. ऐकू येतंय?"

"येतंय की! पण हेल्वीबाई, ऊन आहे, पाऊस आहे, काहीतरी बोला. तुम्हा एस्टोनियन लोकांना शब्द रेशनवर मिळतात का?"

"तपासणी झाली. ठेवते."

अशी दोन वर्षं गेली. मग हळूहळू जंगलातल्या अळंब्यांची चौकशी सुरू झाली, राय धान्याच्या काळ्या पावाची झाली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मलाही कळलं नाही. एस्टोनियात लाटव्हियाच्या लोकांना 'सहा बोटांचे' म्हणून चिडवतात. एका हिवाळ्यात हेल्वीबाईंनी खरोखरच प्रत्येकी सहा बोटांचे लोकरी मोजे विणले आणि टपालाने रीगाला धाडले.

"अगं बाई, अगदी बरोब्बर बसले! माप कुणी सांगितलं तुला?" स्काइद्रीतेबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी हेल्वीबाईंना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

पुढे उर्मास नावाचे नवे प्रमुख आले. हुशार माणूस, पण घाईचा. "हेल्वी, हा डबा अजून कशाला ठेवलाय? निरोप संगणकावरून जातातच की. पुढच्या महिन्यात काढून टाकू," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पुन्हा कपाट नशिबी येणार, असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सीमेवरच्या आमच्या इस्पितळातले संगणक एकामागून एक बंद पडू लागले. पलीकडच्या लाटव्हियन गावातल्या बायकाही तिथेच बाळंतपणाला येतात. त्या दिवशी अशीच एक अडलेली बाई तिथे होती आणि तिचे रक्ताचे अहवाल लाटव्हियातून तारेवरून यायचे होते. नेमका हल्लाही तिकडूनच येताना दिसत होता. तार तोडावी तर अहवाल अडकणार, न तोडावी तर उरलेले संगणकही जाणार.

"तोडा तार!" उर्मास ओरडले. "मी मंत्र्यांना कळवतो. हे लाटव्हियाचं काम आहे."

"आधी फोन," हेल्वीबाई म्हणाल्या. "कलमात तसं आहे."

"आणि खरंच त्यांचंच काम निघालं तर?"

"तर तासाभराने तोडा. मी आड येणार नाही."

माझी पाचावर धारण बसली होती. चारचं बटण अडकलं असतं तर? पण नाही अडकलं.

"स्काइद्रीते, मदत हवी."

"तू मदत मागतेस म्हणजे खरंच आग लागलीय," त्या म्हणाल्या. "पण हेल्वी, आमच्याकडेही संगणक बंद पडतायत, आणि ते तुमच्याकडून येताना दिसतंय. आमचे साहेब तार तोडा म्हणून डोक्यावर बसलेत."

हेल्वीबाईंनी ते उर्मासना सांगितलं. त्यांनी मंत्र्यांना कळवायचं थांबवलं. कुणीतरी तिसराच दोघांना झुंजवत होता.

दोघींनी आपापला फोन खाली ठेवलाच नाही. हल्ला ज्या संगणकातून येत होता त्याचा पत्ता एक सांगायची, दुसरी शोधायची. लाटव्हियातल्या एका लाकडाच्या वखारीतला संगणक सापडला आणि आमच्या बाजूला लोकरीच्या एका दुकानातला. मालकांना काही पत्ताच नव्हता! दोन्ही संगणक बंद करायला लावले, तेव्हा तास भरायला नऊ मिनिटं होती. तार शाबूत राहिली आणि अहवाल पोचले. दुपारी मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी उर्मास एक फडकं घेऊन आले आणि त्यांनी स्वतः मला पुसलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. हेल्वीबाईंना की मला, कोण जाणे.

गेल्या वर्षी हेल्वीबाई निवृत्त झाल्या. आता पहिल्या सोमवारचा फोन उर्मास करतात. मित्रांनो, मला दोन्ही घरांनी जपलं, याबद्दल मी कृतज्ञ आहे. एवढंच मागणं आहे: शेजाऱ्याशी काही बिनसलेलं नसतानाच बोलत जा. त्या गुरुवारी आम्ही पहिल्यांदाच रीगाला फोन लावला असता, तर पलीकडच्या आवाजावर कुणी विश्वास ठेवला असता?

हेल्वीबाईंच्या शेवटच्या सोमवारी तपासणी झाली, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. इतक्या वर्षांत त्या लाटव्हियन भाषेतला एकही शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी, कुणाकडून तरी शिकून आलेला एकच शब्द त्या जपून बोलल्या.

"पाल्दिएस."

म्हणजे 'आभारी आहे'. मित्रांनो, माझ्या जन्मगावी, कारखान्यातल्या बायका दिवसातून शंभरदा तो शब्द बोलायच्या. पलीकडे स्काइद्रीतेबाई रडत होत्या, आणि मी ते रडणं एकही हुंदका न गाळता तालिनला पोचवलं.