‘लाटे’चा खळगा

आमच्या कंपनीच्या ‘लाट’ कड्याला यंदा वीस वर्षं होताहेत, म्हणून ते नव्याने घडवायचं ठरलं. ठरवलं कुणी? ज्यांनी जन्मात कानस हातात धरली नाही, त्यांनी. मी मेणाचे नमुने कोरते. माझ्या नमुन्यावरून साचा निघतो आणि साच्यातून सोनं. त्या कड्याचा पहिला नमुनाही माझाच. तरी मीटिंगमध्ये मला खुर्ची मिळाली ती दाराजवळची.

पडद्यावर कडं गरगर फिरत होतं. नवी डिझायनर, कालपरवा कॉलेजातून आल्यासारखी दिसणारी पोर, म्हणाली, “रुंदी तीच, झळाळी तीच. फक्त आतला हा खळगा काढून टाकू. मनगटावर नीट बसेल. जुने साचे मग मोडीत.”

“खळग्याला हात लावायचा नाही,” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण मालकांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला.

“अहो, का पण?” त्यांनी विचारलं.

“का म्हणजे? त्याच्यामुळेच तर त्याला लाट म्हणतात!”

“लाट वरून दिसेलच की, मावशी,” डिझायनर म्हणाली. “फक्त आतून सपाट करू.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. “तुम्ही दोघी बसून काय ते ठरवा,” म्हणून मालकांनी आपली सुटका करून घेतली.

तो खळगा माझ्या लेकीचा आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडली, मनगट मोडलं आणि प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा बाहेरच राहिलं होतं. एक बांगडी म्हणून धड बसायची नाही. कुठे जायचं म्हटलं की बाईसाहेब रुसून कोपऱ्यात. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा मी तिच्या हातावरच मेण दाबून माप घेतलं, हाडाला जागा सोडली आणि तिच्यापुरतं चांदीचं कडं केलं. एकदा माझा विसरलेला चष्मा द्यायला ती कारखान्यात आली आणि थोरल्या मालकांची नजर त्या कड्यावर खिळली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नट्यांनी घातलं, मासिकांवर झळकलं. पोरगी पोट धरून हसायची. “आई, माझं मोडकं हाड जगभर मिरवतंय बघ!”

मग ती आजारी पडली आणि गेली. काय झालं, कसं झालं, ते मी सांगत बसणार नाही. तिचं चांदीचं कडं तिच्याबरोबरच गेलं. थोरले मालकही राहिले नाहीत. खळगा कुणाचा हे आता दोघांनाच ठाऊक, मला आणि ह्यांना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “सांगून टाक त्यांना खरं. नाही काढणार मग.”

“नाही काढणार. पण काय करतील माहितीये? तिचा फोटो भला मोठा करून दुकानाच्या काचेत लावतील. खाली दोन गोड ओळी. बायका डोळे पुसतील आणि कडं घेऊन जातील. माझी पोर जाहिरातीला द्यायची नाहीये मला!”

हे भिंतीकडे बघत म्हणाले, “चाचपायला तेवढंच उरलंय गं तिचं.”

मला काय ते माहीत नव्हतं? माल तपासताना माझा अंगठा त्या खळग्यात जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवसातून कितीदा तरी मी माझ्या पोरीचं मनगट धरते. आणि तेच काढून टाकायचं म्हणे.

दुसऱ्या दिवशी डिझायनर माझ्या टेबलाशी येऊन बसली. “मावशी, तुम्ही म्हणत असाल तर ठेवू या. मालकांशी मी भांडते. पण मला एक कारण द्या.”

भांडखोर निघाली असती तर बरं झालं असतं. निघाली भली.

तिने बाही सरकवून हातातलं कडं उतरवलं. आमचंच, जुनं, तिच्या आईचं. खाली मनगटावर लाल वळ उठला होता आणि मधली कातडी काळवंडली होती. “आईच्याही हाताला असंच आहे. खळग्याची कड बरोब्बर हाडावर येते. दुकानात विचारा, सगळ्याच जणी म्हणतात. पण ‘लाट’ ना ती! तिला नावं कोण ठेवणार? सोसतात आणि घालतात.”

“मला नाही कुणी बोललं कधी.”

“तुम्ही घालून बघितलंत?”

नव्हतं. लेकीसाठी केलेलं मी कशाला घालू? तिच्या हातून घेऊन चढवलं, तर कचकन रुतलं. अख्ख्या जगात ते एकीलाच टोचत नव्हतं, आणि ती एकच नाही.

“मशीनवर करू नकोस,” मी म्हणाले. “मी करते.”

मेणाचा नमुना घेतला. खळग्यात गरम मेणाचे थेंब सोडत गेले. भरत आला तसं कानशीने घासलं, मग मऊ कापडाने. डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबला नाही. शेवटी आतून अंगठा फिरवला. कुठेच अडला नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला.

डिझायनरने हात घालून बघितला. “काय सुरेख बसतंय, मावशी!”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. तिला वाटलं, माझं जुनं काम पुसलं गेलं म्हणून. मी तसंच वाटू दिलं.

घरी आले तर हे दारातच उभे. “काय झालं? ठेवला का?”

“भरून टाकला. माझ्या हातांनीच.”

“आणि आता?”

“आता कुणालाही बसतं.”

“कुणालाही,” हे म्हणाले, आणि उंबऱ्यातच खाली बसले.