जावईबापू खरं बोलतात

आकांक्षा नवऱ्याला आणि मुलीला घेऊन हॉलंडहून करी रोडला राहायला आली, तेव्हा तिला काळजी होती ती पाण्याची आणि डासांची. नवऱ्याच्या जिभेची नव्हती.

योस्ट लग्नानंतर हौसेनं मराठी शिकला होता. छोटी मिला तर आठवड्याभरात बापाला "ए, काय रे!" म्हणायला लागली. पहिल्याच रविवारी शेजारच्या कमळाबाई सोलकढी घेऊन आल्या. आकांक्षाला त्यांनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. चाळ जाऊन टॉवर आला, तरी शेजार तोच होता.

"कशी झालीय, जावईबापू?"

योस्टनं घोट घेऊन विचार केला. "खारट आहे. लसूण पण जास्त."

कमळाबाई वाटी तिथंच ठेवून गेल्या.

"असं तोंडावर कोण बोलतं?" आकांक्षा कळवळली.

"त्यांनी विचारलं ना?"

"इथं कुणी काही विचारलं की 'मस्त' म्हणायचं. बास."

योस्ट शिस्तीचा माणूस. सोसायटीच्या गेटचा भडक पिवळा रंग, मस्त. वरच्या गणपतरावांचं भजन, मस्त. कमळाबाईंची सुकट मस्त, म्हणून ती रोज यायला लागली. बिल्डिंगमध्ये त्याच्याइतका गुणी जावई दुसरा नव्हता.

म्हणूनच कमळाबाईंच्या दीपिकाला बघायला वडाळ्याहून पाहुणे आले, तेव्हा योस्ट-आकांक्षाला मुद्दाम बोलावणं आलं. फॉरेनचा शेजारी म्हटलं की जरा वजन पडतं.

"तुम्ही शेजारीच राहता," मुलाच्या आईनं, ललिताबाईंनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"मस्त."

"दिवाळीआधीच उरकून टाकू म्हणतोय लग्न."

"मस्त."

पोहे वाटत असलेली दीपिका जागीच थांबली. "तू पण? आपल्या बिल्डिंगमध्ये तू एकटा खरं बोलशील असं वाटलं, म्हणून तुला लिफ्टमध्ये सांगितलं मी!"

योस्टचे कान लाल झाले. आकांक्षा डोळ्यांनी 'नको, नको' करत होती. त्यानं बशी खाली ठेवली.

"सॉरी. मस्त नाही. दीपिकाला आत्ता लग्न नको. तिला वकिलीचं शिक्षण घ्यायचंय. आई ऐकत नाही."

"मग आम्हाला बोलावलं कशाला?" ललिताबाई ताडकन उठल्या. त्यांच्या मुलानं, विनीतनं मात्र आधी बशीतले पोहे संपवले, मगच तो उठला.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा नवऱ्याला घेऊन माफी मागायला गेली. कमळाबाईंनी योस्टला खुर्ची दिली, चहा दिला. आकांक्षा उभीच.

"काकी, चुकलं त्याचं."

"त्याचं काय चुकलं? काल आलेला परका माणूस, तो बोलला. तू इथली. तुला नव्हतं सांगितलं दीपिकानं?"

"सांगितलं होतं," आकांक्षा पुटपुटली.

"मग तुझी काय दातखीळ बसली होती?"

आकांक्षानं योस्टकडे पाहिलं. योस्ट शांतपणे चहात बिस्कीट बुडवत होता.

दीपिकाचा कॉलेजचा प्रवेश पक्का झाला. फी कमळाबाईंनी स्वतःहून भरली. योस्टशी त्या जिन्यात गप्पा मारायच्या, मिलाला बोलावून घावणे खायला घालायच्या. आकांक्षाशी अवाक्षर नाही. शेवटी तिच्यावरच नवऱ्याला विचारायची पाळी आली.

"काकींचा राग गेला का रे?"

योस्टनं नीट विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "आज जास्त आहे."