वहिनींचा चुकलेला वर्ग

त्यांना सगळे वहिनीच म्हणत. दवाखान्याच्या धुलाई विभागात पूर्वी त्यांचा धाकटा दीर कामाला होता. त्याने शब्द टाकून त्यांना तिथे चिकटवलं आणि त्याच्या तोंडची हाक सगळ्यांनी उचलली. पुढे दीर दुसरीकडे गेला, हाक तेवढी मागे राहिली. मुकादम त्यांच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, पण तोही वहिनीच म्हणायचा.

काम तसं सरळ होतं. धुऊन आलेल्या चादरी मोठ्या इस्त्रीच्या रोलरमध्ये सरकवायच्या, पलीकडून बाहेर येतील तशा दोघींनी चार कोपरे धरून घड्या घालायच्या, आणि मजल्याप्रमाणे गठ्ठे लावायचे. हाताला सवय झाली की डोकं मोकळं राहतं. वहिनींचं डोकं बराच काळ असं मोकळं होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग बातमी आली की धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला देणार. मुकादम म्हणाला, "ज्यांची शालान्त झालीय त्यांना वॉर्डात मदतनीस म्हणून घेतील. थोडं शिकवतील, प्रमाणपत्र देतील. बाकीच्यांचं काय, ते मलाही सांगता येत नाही. माझंच काय ते मला ठाऊक नाही."

वहिनींनी शाळा सोडली ती सहावीत. घरी त्यांनी ही बातमी भाजी चिरता चिरता सांगितली, जणू शेजारच्या कुणाची असावी अशी. पण त्यांचे यजमान उठून बसले. यजमान घरांना रंग देण्याचं काम करायचे. बोलायला मोकळे, आणि एखादी गोष्ट मनात आली की ती झालीच असं धरून चालणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत नेऊन नाव घातलं, आणि त्याच आठवड्यात ओळखीपाळखीत सांगूनही टाकलं, "आमची ही आता वॉर्डात पेशंट सांभाळणार."

"अहो, अजून पाटीवर रेघ नाही ओढली," वहिनी म्हणाल्या.

"ओढशील गं. त्यात काय."

शाळा दिवसा मुलांची असायची, संध्याकाळी मोठ्यांची. बाक इतके बुटके की गुडघे वर येत. पहिला महिना सगळ्यांना एकत्रच बसवत. थोडे हिशेब, थोडं वाचन-लेखन, म्हणजे गंज उतरतो. मग दोन वाटा फुटत. शालान्त परीक्षेला बसणारे वरच्या मजल्यावर जात. ज्यांची शालान्त आधीच झालेली, पण हाताला काही कसब हवं होतं, ते खाली कार्यशाळेत, फ्रिज आणि एसीची दुरुस्ती शिकायला.

ज्या संध्याकाळी हे सांगितलं, त्या संध्याकाळी वहिनी गैरहजर होत्या. दवाखान्यात रोलर बिघडला होता आणि चादरींना हाताने इस्त्री करायची पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तर नेहमीचा वर्ग अंधारात. तेवढ्यात त्यांच्या बाकावर शेजारी बसणारा बस चालवणारा गृहस्थ, ज्याला सगळे ड्रायव्हरमामा म्हणत, जिन्याने खाली उतरताना दिसला. वहिनी त्याच्यामागून उतरल्या. दारावर नुसतं 'कार्यशाळा' लिहिलेलं होतं. आत बसल्या. चूक झाली ती एवढीच.

तिथले मास्तर अंगाने जाड, बोलायला घाईचे. हजेरीचं त्यांना वावडं होतं. "मी हजेरी डोळ्यांनी घेतो," म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर उष्णता, वायू आणि दाब असे तीन शब्द लिहिले, आणि वहिनींच्या जिवात जीव आला. त्यांची लेक शाळेत असताना हेच तीन शब्द मोठ्याने घोकायची. म्हणजे हा विज्ञानाचा तास. ठीक झालं.

दुसऱ्या दिवशीही विज्ञान. तिसऱ्या दिवशीही. वहिनींना जरा चमत्कारिक वाटलं, पण आपण शाळा सोडल्याला जमाना लोटला, आता शिकवण्याच्या पद्धती बदलल्या असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरी एकदा ड्रायव्हरमामाला विचारलंच.

"मामा, भाषेचा तास कधी असतो हो?"

"भाषेचं माझं झालंय सगळं," मामा म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं की त्याची शालान्त कधीच झालीय. वहिनींना वाटलं, भाषा त्या पहिल्या महिन्यातच आटोपली. एवढ्यात कशी आटोपली, हे काही त्यांना कळेना, पण मामा इतका निश्चिंत होता की पुढे विचारायची सोय राहिली नाही. वर्गात आपण एकट्याच बाई, त्यात सगळ्यात कमी शिकलेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प बसल्या.

आठवडे गेले. एव्हाना विज्ञानात नळ्या जोडणं सुरू झालं होतं. तांब्याची एक नळी दुसरीत बसवायची, ज्योत फिरवत सांधा लाल होईपर्यंत तापवायचा, मग ज्योत बाजूला घेऊन त्याला जोडधातूची सळई टेकवायची. सळई ज्योतीने नाही, नळीच्या उष्णतेने वितळली पाहिजे, हे मास्तर पुन्हा पुन्हा बजावत. नीट तापली असेल तर धातू पाण्यासारखा सांध्याभोवती पळतो आणि आत शिरतो. वहिनींचा पहिला सांधा गळला. दुसऱ्याचा नुसता गोळा झाला. तिसऱ्याच्या वेळी बाही जळाली. पुढे कधीतरी एकदा तो धातू पळाला. चकचकीत कडं सांध्याभोवती फिरून बंद झालं आणि वहिनी ज्योत विझवायची विसरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"गॅस फुकट चाललाय," मास्तर म्हणाले.

त्या रात्री लेकीने विचारलं, "आई, आज काय शिकवलं?" वहिनी म्हणाल्या, "विज्ञान." लेकीने बाहीकडे पाहिलं, पण तिला वाटलं दवाखान्यात रोलरला लागली असेल.

मधूनमधून त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. पेशंट सांभाळायला कॉम्प्रेसर उघडता यायला कशाला हवा? मग आठवायचं, दवाखान्यात औषधांचे केवढे तरी फ्रिज आहेत. असेल त्यासाठी. बाकीचे सगळे बाप्ये का? असेल, पुरुषही असतात वॉर्डात. प्रश्न उठला की उत्तर हाताशी असायचं. तरी जीव पुरता निवायचा नाही.

एके दिवशी कार्यालयातल्या मॅडमनी निरोप पाठवून त्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही येणं का बंद केलंत?" मॅडमनी विचारलं.

"मी? मी रोज येते."

"वरच्या वर्गात तुम्ही एकदाही दिसला नाहीत. नियमाप्रमाणे तुमचं नाव काढावं लागलंय. वाईट वाटतं मला, पण सांगणं भाग आहे."

वहिनींना आधी वाटलं, मॅडम दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. "वर कुठे?" त्या म्हणाल्या. "आमचा वर्ग खाली भरतो."

"खाली फ्रिजवाले असतात."

"हो, तेच आम्ही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जे काय ते हळूहळू उलगडलं. वहिनींना एकेक शब्द समजत होता, पण सगळ्याचा मिळून अर्थ लागत नव्हता. ती एक संध्याकाळ सोडली तर एकही दिवस न चुकवता गैरहजेरीबद्दल आपलं नाव कापलं गेलं. ज्या वर्गात बसलो, त्यात नाव नव्हतंच. आणि जे विज्ञान म्हणून शिकलो, ते विज्ञान नव्हतं.

"मग खालचंच पुरं करते," काही सुचेना म्हणून त्या म्हणाल्या.

"करा की. पण खालचं प्रमाणपत्र शालान्त असल्याशिवाय हातात देता येत नाही."

"आणि वॉर्डातल्या कामाला?"

"त्यालाही शालान्त लागते. शालान्तची नवी तुकडी आता पुढच्या सत्रात."

म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. वहिनी जिन्यापाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. वर जायचं तर नाव नाही, खाली जायचं तर हक्क नाही, घरी जायचं तर तोंड नाही. शेवटी त्या खाली गेल्या, कारण पिशवी तिथे राहिली होती. मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाजवली. "माझ्या डोळ्यांची हजेरी चुकली म्हणायची," ते म्हणाले. "पण आता आला आहात तर बसा. आज गळती शोधायचीय." वहिनी बसल्या. नळीत दाब भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा कुठे उठतो ते पाहायचं होतं. त्यांच्या सांध्यावर बुडबुडा उठला नाही. आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांत पाणी आलं, ते का हेही कळलं नाही.

घरी त्यांनी जेवणं होऊ दिली आणि मग सांगितलं.

यजमानांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मग रोज संध्याकाळी तू करत काय होतीस?"

"नळ्या जोडत होते."

"नळ्या?"

"तांब्याच्या. फ्रिजच्या."

लेकीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण वडिलांचा चेहरा पाहून हसू तिथेच जिरलं.

"मी चार लोकांत सांगून बसलोय," यजमान म्हणाले. "आता काय सांगू? बायको वर्ग चुकली?"

"खरं तेच सांगा. चुकलेच आहे."

"इतके दिवस कळलं नाही तुला?"

वहिनींनी यावर खरंच विचार केला. "थोडं थोडं कळत होतं," त्या म्हणाल्या. "पण विचारलं असतं तर तिथून उठावं लागलं असतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं त्यांनाच समजेना. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. यजमान उठून बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या संध्याकाळी, काम संपवून, हातावर रंगाचे शिंतोडे तसेच घेऊन, यजमान त्यांच्याबरोबर शाळेत आले. मॅडमशी भांडायला आलोय म्हणाले. पण मॅडम जागेवर नव्हत्या, म्हणून खाली उतरले आणि कार्यशाळेच्या दारात उभे राहिले. वहिनींना ठाऊक होतं की ते बघतायत, त्यामुळे पहिला सांधा पार बिघडला. दुसरा जमला. यजमान आत आले नाहीत, पण वर्ग सुटेपर्यंत दारातून हललेही नाहीत.

परतताना दोघं चालत निघाले.

"भीती नाही वाटत? ज्योत केवढी असते," यजमान म्हणाले.

"वाटते की."

"मग?"

"मग काय. वाटते आणि करते."

"वॉर्डाचं काय करायचं?"

"तेच तर कळत नाही."

"तुला जायचं होतं ना वॉर्डात?"

वहिनी चालता चालता थांबल्या. धुलाईत त्या दिराने लावून दिलं म्हणून आल्या, वॉर्डाचं मुकादमाने सांगितलं, शाळेत यजमानांनी नाव घातलं, आणि कार्यशाळेत त्या ड्रायव्हरमामाच्या पाठीमागून शिरल्या. जायचं होतं का, हा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला होता.

"तुम्ही विचारताय म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. आजारी माणसाचं करायला मला आवडेलही. पण ती नळी लाल होते ना, तेव्हा दुसरं काही आठवत नाही."

"हे आता मी लोकांना कसं सांगू?" यजमान म्हणाले. पण त्यांचा आवाज कालचा नव्हता.

मॅडमशी भांडण झालं नाही, बोलणं झालं. वहिनींनी कार्यशाळेचं सत्र पुरं करावं, परीक्षा द्यावी, आणि पुढच्या सत्रात शालान्तला बसावं, असं ठरलं. परीक्षेत त्यांचा एक सांधा गळला, बाकीचे टिकले. काठावर का होईना, पास झाल्या. प्रमाणपत्र छापून आलं, त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि मॅडमनी ते त्यांना दाखवून कपाटात ठेवलं. शालान्त झाली की न्यायचं.

दरम्यान धुलाई बंद झाली. चौघींना वॉर्डात घेतलं. वहिनींना धुऊन आलेल्या चादरी ढकलगाडीवरून मजल्यामजल्यावर पोचवायचं काम मिळालं, तेही पुढची सोय होईपर्यंत. ही पुढची सोय कोणती, हे मुकादमाला विचारलं तर तो नुसते हात वर करायचा.

वॉर्डातून गाडी ढकलताना एखादी म्हातारी त्यांचा हात धरायची, पाणी मागायची. वहिनी तिला उशीला टेकवून बसवायच्या, पाणी द्यायच्या, आणि त्यांना वाटायचं, हेच आपलं काम. मग कोपऱ्यातला औषधांचा फ्रिज घरघरायला लागायचा आणि त्यांचा कान तिकडे जायचा. चादरी एका मजल्याच्या दुसऱ्याच मजल्यावर जाऊ लागल्या. दोनदा बोलणी खावी लागली.

नवं सत्र सुरू झालं. वहिनी आता वरच्या मजल्यावर बसतात. भाषेचा तास खरोखरच असतो आणि तो त्यांना सर्वांत जड जातो. परवा त्या घरी काळ पाठ करत बसल्या होत्या. साधा भविष्यकाळ, अपूर्ण भविष्यकाळ, पूर्ण भविष्यकाळ. लेक शेजारी येऊन बसली.

"आई, एक विचारू? शालान्त झाली की तू नक्की काय करणार?"

"कोणत्या भविष्यकाळात सांगू?" वहिनी म्हणाल्या.

लेक हसली, पण उत्तराची वाट बघत राहिली. वहिनींनी पुस्तकात बोट घातलं आणि ते मिटलं. आतून यजमानही कानोसा घेत असावेत, कारण त्यांच्या हातातला ब्रश धुण्याचा आवाज थांबला होता.

"काही दिवस वॉर्ड वाटतं, काही दिवस कार्यशाळा," त्या म्हणाल्या. "आज कार्यशाळा वाटतंय. उद्याचं उद्या विचार."

आणि पुस्तक उघडून त्या पुन्हा अपूर्ण भविष्यकाळाशी झटू लागल्या.