समाधानी रहिवासी

बेंगळुरात घर घ्यायचं ठरवलेला माणूस बायकोला विचारायच्या आधी आमचा ब्लॉग वाचतो. हे मी फुशारकीने सांगत नाही, आमच्याच सर्व्हेत तसं आलंय. घरं विकणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी लिहिते. कुठे घर घ्यावं, कुठे घेऊ नये, शाळा कशा आहेत, रस्ते कसे आहेत. त्यातलं 'कुठे घेऊ नये' आता बंद झालं आहे. तेही सर्व्हेनेच बंद केलं.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून सुशांत नावाचा माणूस आमचा प्रमुख म्हणून आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि आवाज मात्र दुप्पट मोठा. आल्या आल्या त्याने वाचकांना प्रश्नावली पाठवली, की तुम्हाला काय वाचायला आवडेल? पर्यायांमध्ये भाव कुठे वाढतील हे होतं, मेट्रो कधी येईल हे होतं, बाल्कनी कशी सजवावी हेसुद्धा होतं. पाणी नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ते 'इतर'मध्ये कव्हर होतं ना." निकाल आला आणि 'इतर'कडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. "बघ नीरजा, पाण्यात कुणाला इंटरेस्टच नाहीये. डेटा क्लिअर आहे." ज्या शहरात उन्हाळ्यात लोक टँकरवाल्याशी जावयाशी बोलावं तसं अदबीने बोलतात, तिथला हा डेटा. मग पाण्यावरची माझी लेखमाला बंद झाली आणि बाल्कनीची सुरू झाली.

पुढचा सर्व्हे रहिवाशांचा होता. मोठमोठ्या संकुलांना लिंक पाठवायची आणि रस्ता, सुरक्षा, वीज, पाणी यांना पाचपैकी गुण मागायचे. ज्यांना जास्त गुण त्यांच्यावर लेख. बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळच्या एका संकुलाने पाण्याला अव्वल गुण दिले. नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे वकील आहेत. मी त्याला तळेकाठ म्हणते.

आकडेमोड करणारी सिद्धी नागपूरची. ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मॅम, दोनशेच्या वर उत्तरं आहेत आणि एकूणएक पाच. एवढं एकमत आमच्या घरी भाजी कोणती करायची यावर पण होत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी तळेकाठच्या मागच्या फाटकाशी उतरले. टँकर रांगेत उभे होते. एक रिकामा होऊन बाहेर पडत होता, दुसरा आत शिरत होता. आत संकुलाच्या रहिवासी संघाचे सचिव भेटले, पद्माकर म्हणून निवृत्त बँक अधिकारी, मूळचे दादरचे. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी कॉफी मागवली आणि मन मोकळं केलं.

"त्यात काय लपवायचं? मीटिंगमध्ये ठरलं. लिंक मालकांच्याच ग्रुपवर टाकली. भाडेकरू काय, काहीही लिहितील, त्यांचं काय जातंय? आपल्या घराची किंमत आपणच कोण पाडून घेईल?"

"पण पाणी टँकरचं आहे."

"तुम्ही कुठून येतं ते विचारलंच नव्हतं. समाधानी आहात का, एवढंच विचारलं होतं. आम्ही समाधानी आहोत."

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सुशांतने फार मायेने माझी समजूत काढली. मी एका सकाळी पाहिलेले टँकर म्हणजे एक सँपल, आणि रहिवाशांची उत्तरं म्हणजे डेटा. शिवाय वाचक 'टँकर' शब्दापाशी लेख सोडून जातात, हेही त्याच्याकडे आलेखात होतं. मी भांडले. फार भांडले. शेवटी लेखात एक वाक्य ठेवायचं कबूल झालं, की घर घेण्यापूर्वी पाण्याचा स्रोत स्वतः तपासा. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा ते वाक्य नव्हतं. 'पाण्याची चिंता नसलेली पाच संकुलं' असा मथळा, खाली माझा हसरा फोटो.

आणि तो लेख वाचून तळेकाठला घर घ्यायला निघाला कोण, तर माझा सख्खा धाकटा भाऊ.

रघुनंदन बेळ्ळंदूरला नोकरी करतो आणि तेव्हा राहायचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, आमच्या अण्णांच्या घरात. अण्णा म्हणजे आमचे वडील, भीमाचार्य. शाळेत संस्कृत शिकवून त्यांनी ते घर बांधलं होतं. पुढे कावेरीचा नळ आणि मागे विहीर. पहाटे विहिरीवर अंघोळ, ओलेत्याने देवाचं पाणी भरायचं, मग पूजा. आई गेल्यावर त्यांचा दिवस या एवढ्यावर उभा होता. रघूचा दिवस मात्र रिंग रोडवर जायचा. त्याची लेक सुप्रीता उठायच्या आत तो निघायचा, ती झोपल्यावर परतायचा. त्याचं चुकत होतं असं मी कधीच म्हटलं नाही. हेब्बाळचं घर विकून ऑफिसजवळ फ्लॅट घ्यायचा, असं त्याने ठरवलं. अण्णा म्हणाले, "सरी, बरं, तुमच्या सोयीनं करा." सही त्यांचीच लागणार होती आणि ती ते देणार होते. एकदा ती विहीर गेली की परत मिळणार नव्हती. मी त्याच संध्याकाळी हेब्बाळ गाठलं.

"रघू, दुसरीकडे कुठेही घे. तिथे नको. तिथे टँकर चालतात."

त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "अक्का, हे तूच लिहिलंस की नाही?"

"नाव माझं आहे."

"मग?"

"मग काय मग! मी तुला आत्ता सांगतेय ते खरं."

"म्हणजे जगाला खोटं सांगतेस आणि मला एकट्याला खरं?"

"हो. भाऊ आहेस म्हणून."

तो हसला. ते हसू मला आवडलं नाही. "इथं दोनशे लोक पाच देतायत आणि तू एकटी नको म्हणतेस. अक्का, हे घर विकायचं तुझ्या मनात नाही, असं सरळ सांग की. तुझ्या वाट्याचं बोलायचं असेल तर तेही बोलूया."

त्याची बायको हर्षिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती मान खाली घालून आत गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटा! मला वाटा नको होता. मला फक्त अण्णांना त्या टँकरच्या पाण्यापासून लांब ठेवायचं होतं. पण ते बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं आणि रघूसमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, "चला, डोळ्यांनी बघून या. अण्णांनाही घ्या."

रविवारी आम्ही सगळे गेलो. मागच्या फाटकाशी एकही टँकर नाही. रस्ता धुतलेला. आत कारंजं उडत होतं, चांगलं माणूसभर उंच. मला नंतर कळलं की रविवारी घरं बघायला लोक येतात म्हणून टँकर शनिवारी रात्रीच उरकतात, आणि कारंजं रविवारपुरतंच सुरू असतं. सुप्रीता त्या कारंज्याभोवती धावत होती. अण्णांनी वॉचमनला कन्नडमध्ये विचारलं, "नीरु हेगिदे?" पाणी कसं आहे. वॉचमनने आधी आमच्यासोबत फिरणाऱ्या पद्माकरांकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "चेन्नागिदे, सार." छान आहे. अण्णा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तू उगीच काळजी करतेस गं."

हेब्बाळचं घर गेलं. घेणाऱ्याने पहिल्यांदा विहीर बुजवली, कारण त्याला तिथे गाड्या लावायच्या होत्या.

उन्हाळा लागेपर्यंत सगळं बरं होतं. मग पाणी सकाळी तासभर यायला लागलं, आणि आलं की त्याला वास. हर्षिता बादल्या, पातेली, सुप्रीताचा बाहुल्यांचा टब, सगळं भरून ठेवायची. मी दर आठवड्याला जायचे. अण्णांनी एक शब्द तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. एकदा सकाळी लवकर पोचले तर ते देवासमोर बसले होते आणि प्यायच्या पाण्याच्या विकतच्या कॅनमधून पळीभर पाणी देवांवर घालत होते. स्वतःची अंघोळ झालेली नव्हती. ओल्या पंच्याने अंग पुसून ते बसले होते.

"अण्णा, हे काय?"

"सुप्रीताची शाळा आहे. तिला न्हायला हवं." मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "आपद्धर्म असतो, शास्त्रात सांगितलंय."

सत्तर वर्षं पहाटेच्या अंघोळीशिवाय पाणी तोंडात न घेतलेला माणूस. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी रघूवर काढला. तोही ओरडला. 'मी सांगितलं होतं' हे मी म्हटलं नाही, पण आमच्या दोघांमध्ये ते सोफ्यावर पाहुण्यासारखं बसलेलं असायचं. शेवटी रघूने फ्लॅट विकायचं ठरवलं. इथल्याच, बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजूला जुन्या वस्तीत एक घर त्याने पाहून ठेवलं होतं, नळाचं पाणी असलेलं. आता तो फक्त गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

त्याच सुमारास आमचा यंदाचा सर्व्हे निघाला. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही जेवून बसलो होतो आणि रघूचा मोबाइल वाजला. पद्माकरांचा निरोप होता, मालकांच्या ग्रुपवर. लिंक, आणि खाली 'कृपया सर्वांनी पाच'. रघूने ती उघडली. मी समोर होते म्हणून त्याचा अंगठा थांबला.

"तुमचाच ना?"

"आमचाच. रघू, ऐक. यंदा सिद्धीने सुशांतकडून एक गोष्ट कबूल करून घेतलीय. तळेकाठच्या एका तरी मालकाने पाण्याला कमी गुण दिले आणि कारण लिहिलं, तर तो लेख थांबवून चौकशी करायची. एक उत्तर पुरे आहे. खरं लिही."

"आणि आमचा फ्लॅट कोण घेणार मग?" हर्षिता म्हणाली. ती कधी असं बोलत नाही. "अक्का, तुम्ही संध्याकाळी तुमच्या घरी जाता. पाणी आम्ही भरतो."

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "कसले गुण?"

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रश्न काय आहे, पाचपैकी कसे द्यायचे, त्याचा लेख कसा होतो. ते नीट ऐकत होते.

"आणि तो लेख वाचून इथं कोण येतं?"

"आपल्यासारखेच, अण्णा. कोणीतरी मुलगा, सून, आणि घर विकून आलेलं म्हातारं माणूस."

ते खुर्चीतून पुढे झुकले. ते खरं लिहायला लावतील याची मला खात्री होती. रघू त्यांच्याच शाळेत होता आणि सहामाहीत संस्कृतात दोन गुणांनी नापास होत होता. हेडमास्तर स्वतः म्हणाले होते, आचार्य, दोनच गुण आहेत, देऊन टाका. अण्णांनी दिले नव्हते. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. गुण हा माणूस खैरात म्हणून देत नाही हे आमच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं.

"स्वल्प, जरा इकडे दे," असं म्हणून अण्णांनी मोबाइल मागितला. चष्मा पुसून घातला. प्रश्न दोनदा वाचला, ओठ हलवत. मग रघूला विचारलं, "पाच कुठला?"

"अण्णा," मी म्हटलं.

रघूने बोट दाखवलं. अण्णांनी तिथे दाबलं, गेलं की नाही ते पुन्हा पाहिलं आणि मोबाइल त्याला परत दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"लेकरू लहान आहे त्याचं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पडले.

सोमवारी सिद्धीने आकडे उघडून दाखवले. तळेकाठ, पाणी, सगळे पाच. सुशांत म्हणाला, लेख यंदाही तूच लिही, तुझ्या नावावर लोकांचा विश्वास आहे. मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यात अण्णांचा कुठला, ते मला ओळखता आलं नाही.