नानासाहेबांच्या वतीनं

ऐतिहासिक मालिका लागली की नानासाहेब त्यातल्या चुका काढत बसायचे आणि त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, त्याचा वीट यायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि नानासाहेबांचा आवाजच गेला. दवाखान्याच्या खेपा घालून सरूबाई पार थकल्या होत्या.

एका संध्याकाळी गारखेड्यातल्या घरी दोघं टीव्हीसमोर बसली. पडद्यावर लढाई जुंपली होती. नानासाहेबांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. त्यांनी चिडून तोंड फिरवलं.

त्यांना काय म्हणायचंय ते सरूबाईंना ठाऊक होतं. “व्हय, एवढे घोडे पळाले, पण धूळ नाय उडली,” त्या दमल्या आवाजात म्हणाल्या.

नानासाहेबांनी चमकून पाहिलं. मग पडद्यावरच्या राणीकडं बोट दाखवलं.

“तिचं लुगडं आत्ताच इस्त्री केल्यासारखं हाय. झालं समाधान?”

त्यांनी मान डोलावली. सरूबाई आता पडद्याकडं निरखून बघू लागल्या.

“माझं विचाराल तर, एवढी माणसं जेवतात कधी? अख्ख्या राजवाड्यात मला चूल दिसली नाय.”

नानासाहेबांचे खांदे हसण्यानं गदगदले. आजवर त्यांनी बायकोचं मत कधी विचारलंच नव्हतं. सरूबाईंनी दुखरे पाय समोरच्या खुर्चीवर पसरले आणि भाग संपेपर्यंत त्या बोलत राहिल्या.