वजा झालेले शिखर

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या संगणकात राहणारे मी एक जुने सॉफ्टवेअर आहे. माझ्या शेजारी रेणूंचे वजन करणारे यंत्र सतत घरघरत असते. ते वजन करते आणि मी त्या मोजमापांची रेघ काढते. रेघेवर जिथे शिखर उभे राहते, तिथे काहीतरी आहे असे समजायचे.

मला घडवणारा तरुण अबोल होता. "वेडोबा, हे शिखर नाही, नुसती थरथर आहे," असे पडद्याशी पुटपुटत त्याने मला शिकवले. पुढे तो दुसऱ्या गावी गेला. नवे, देखणे सॉफ्टवेअर आले आणि मला कुणी उघडेनासे झाले.

मग एक संशोधक मुलगी आली. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, एका नव्या औषधाचे काय करते, हे तिला शोधायचे होते. औषध घटताना दिसे. पण त्यापासून बनलेला पदार्थ काही सापडेना. मग औषध जाते कुठे? तिच्या प्रश्नांमुळे सगळे तिला शंकाताई म्हणत.

"शंकाताई, उडून गेलं असेल ते!" तिच्याबरोबर काम करणारा सहकारी चिडवायचा.

"मग पंख तरी दाखव त्याचे."

एके दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "पोरी, उद्याच्या बैठकीत हे काम बंद करायचं ठरेल. किती ताणायचं?"

"उद्यापर्यंत तरी ताणू द्या, सर."

त्या दुपारी तिने मला उघडले. "आजोबा, आता तुम्हीच बोला!"

औषध आणि विकर मिसळलेल्या नमुन्याबरोबर यंत्रात एक ब्लँक, म्हणजे कोरा नमुनाही जातो. त्यात औषध नसते. ब्लँकमध्ये जे दिसेल, ते कितीही लहान असले तरी, बाहेरची घाण समजून नमुन्यातून अख्खे वजा करायचे, असा तिथला शिरस्ता. नवे सॉफ्टवेअर हे परस्पर उरकून टाकते. मी मात्र दोन्ही रेघा एकाखाली एक मांडते. दोन्हींत एकाच जागी शिखर होते. नमुन्यात उंच, ब्लँकमध्ये इवलेसे.

"औषधच नाही, तर तू इथे कशाला रे?" ती ब्लँकमधल्या शिखराला म्हणाली. मग वळून तिने सहकाऱ्याला विचारले, "ब्लँक कधी घातलास?"

"नेहमीसारखा. नमुन्यानंतर."

"अरे, मग नमुन्यातलंच थोडं यंत्राच्या नळीला चिकटून राहिलं असणार! आणि आपण त्यालाच घाण समजून काढत बसलोय."

नळी धुऊन तिने आधी ब्लँक घातला. रेघ सपाट आली. त्यानंतर नमुना घातला. शिखर उभे राहिले आणि त्याचे वजन औषधापेक्षा बरोबर एका ऑक्सिजनने जास्त भरले! विकराने औषधाला ऑक्सिजन जोडला होता.

सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. "उद्या बैठकीत तूच बोल," ते म्हणाले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना आणि सॉफ्टवेअरना जपून वापरा. पण जपणे म्हणजे केवळ धूळ पुसणे नव्हे. आम्ही उत्तर दिले की त्यातून काय वगळले, तेही विचारत जा. विचारल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.

ती अजून समोरच बसली आहे. "आजोबा, हा ऑक्सिजन नेमका बसलाय कुठे?" मला ठाऊक नाही. मी पुढची रेघ काढायला घेतली आहे.